मेलेनाइतेचं पेज आणि कालोलाइनेची चटई

आजच्या समारंभाचे अध्यक्ष, आपले आदरणीय पाद्रीसाहेब. गावाचे अधिकारी फेलेतीदादा. व्यासपीठावर बसलेल्या आमच्या विणकर मंडळाच्या ज्येष्ठ भगिनी. पलीकडच्या बेटांवरून होडीत भिजत आलेले पाहुणे. आत जागा न मिळाल्याने नीरफणसाच्या सावलीत उभे राहिलेले माझे भाऊबंद. आणि जिला निरोप द्यायला आपण जमलो आहोत ती माझी सख्खी भाची मेलेनाइते. आपणा सर्वांना मंडळाची चिटणीस लेसिएली हिचा नम्र नमस्कार.

राजधानीला, नुकुअलोफाला जाणारी बोट चारला सुटते. जमिनीतली भट्टी उघडून झाली आहे आणि अळूच्या पानांतलं मांस गार व्हायला लागलं आहे, हेही मला कळतंय. तरी थोडा वेळ मागते. मी भाषण लिहून आणलं होतं. हसतमुख, कष्टाळू, सगळ्यांची लाडकी, असं सगळं होतं त्यात. ते खरंच आहे, आणि फेलेतीदादांनी ते माझ्याहून छान सांगितलं. मला जे सांगायचं आहे ते सांगावं की नाही, हे सकाळपासून ठरत नव्हतं. आता माइक हातात आहे, तर सांगतेच.

तीन वर्षांपूर्वी आपली अवस्था काय होती? वादळात विणकामाच्या घराचं अर्धं छप्पर उडालेलं. उरलेल्या अर्ध्याखाली आम्ही बारा जणी. केवड्याची पानं समुद्रात भिजवायची, उकळायची, वाळवायची, नखाएवढ्या पट्ट्या काढायच्या, आणि विणत बसायचं. चटयांच्या गुंडाळ्या आढ्याला टेकलेल्या, पण गिऱ्हाईक कुठे होतं? वर्षातून दोनदा पर्यटकांचं जहाज यायचं. ते लोक चटईवर बसून फोटो काढायचे आणि जाताना टोपी विकत घ्यायचे.

मंडळाच्या बैठकीत मेलेनाइते उभी राहिली. "आत्या, आपलं गिऱ्हाईक इथे नाहीच. ते ऑकलंडला आहे, ब्रिस्बेनला आहे, अमेरिकेत आहे. आपलीच माणसं आहेत ती. त्यांच्याकडे लग्न निघतं, मयत होते, आणि रीतीप्रमाणे मानाने कमरेला बांधायला, आहेरात द्यायला चटई मिळत नाही. फेसबुकवर पेज काढू या."

मी म्हटलं, "चटई हातात घेऊन बघतात, बाई. काचेतून नाही."

"मग काचेतून विणणारे हात दाखवू," ती म्हणाली.

पहिले चार महिने पेजवर त्रेसष्ट माणसं होती, त्यातली अकरा माझ्या सासरची. मेलेनाइते चटई उभी धरायची, लांबी सांगायची, रुंदी सांगायची. कुणी काही बोलायचं नाही. एकदा लाइव्ह चालू असताना पाद्रीसाहेबांचं डुक्कर आत शिरलं आणि चटईवर आडवं झालं. पाद्रीसाहेब, माफ करा, पण त्या डुकराला चारशे लोकांनी हृदयं दिली आणि चटईला एकानेही नाही!

दुसरी एखादी असती तर रोज डुक्कर आणून बसवलं असतं. हिने काय केलं? त्या गर्दीतून आलेले सगळे प्रश्न वाचले. तिच्या लक्षात आलं, कुणीच लांबी विचारत नव्हतं. विचारत होते, "कुणी विणली?" मग ती प्रत्येक चटईबरोबर विणणारणीचं नाव सांगायला लागली. कुणाची मुलगी, कुठल्या वाडीतली, कुठल्या घरात दिलेली. आणि खाली लोक लिहायला लागले, "अगं, ही तर माझ्या आईची मावशी!" "हिच्या हातचं नारळाचं पुडिंग मी खाल्लंय!" दर गुरुवारी माणसं जमायला लागली. चटया निघाल्या. छपराचे वासे आले.

इथपर्यंतची गोष्ट तुम्हा सगळ्यांना माहीत आहे. तिचा सत्कारही आपण मागच्या वर्षी केला. पण मला काय झालं होतं, ते कुणाला माहीत नाही. मला पेजवरच्या आकड्यांचा नाद लागला होता. भांडी घासता घासता मी हाक मारायची, "किती झाले गं?" प्रार्थनेला बसले तरी बोटं वळवळायची. दोन हजार झाले की वाटायचं, तीन का नाहीत? गिऱ्हाईक ओढून आणायची अशी हाव मला पन्नाशी उलटल्यावर सुटली. हसा, हसा. पण पुढचं ऐका.

प्रत्येक चटईला चिठ्ठी लावायचं काम माझं. नाव, पानांची जात, किती दिवस लागले. कालोलाइनेने तिची ती बारीक विणीची चटई विकायला आणून ठेवली, तेव्हा मी तिला विचारलं, "ही का विकतेस गं? अकरा महिने बसली होतीस हिच्यावर."

ती म्हणाली, "घरात जागा नाही."

एकट्या बाईच्या घरात जागा नाही? मला कळलं. म्हणजे मला वाटलं की कळलं. चटई तिने मुलाच्या, सेमिसीच्या, लग्नासाठी विणायला घेतली होती. सेमिसीने ब्रिस्बेनला परस्पर लग्न केलं, आईला बोलावलं नाही, दोन वर्षांत घरी पाऊल टाकलं नाही. सगळं गाव हेच म्हणत होतं, मीही म्हणत होते. मग मी चिठ्ठीवर हेच लिहिलं, आणि जरा रंगवूनही लिहिलं. आई दाराकडे डोळे लावून विणत राहिली, मुलगा आला नाही, आता ती मुलाची चटई परक्याला विकते आहे.

मेलेनाइतेने गुरुवारी ती चिठ्ठी लाइव्हवर वाचली. आत्याने लिहिलेलं, म्हणजे खरंच असणार, असं समजून वाचली.

दुसऱ्या दिवसापर्यंत तो व्हिडिओ चाळीस हजार लोकांनी पाहिला होता. आमची बेटं रिकामी केली तरी एवढी माणसं निघणार नाहीत. लोक रडत होते, शिव्या देत होते, ऑर्डरी देत होते. ती चटई अमेरिकेतल्या एका बाईंनी घेतली. आणि त्या गर्दीत एक ओळ आली. "हा व्हिडिओ काढा. ती माझी आई आहे. आणि हे असं झालेलं नाही."

मेलेनाइतेने फोन माझ्यापुढे धरला. "आत्या, सेमिसीने लिहिलंय. काढून टाकू?"

मी म्हटलं, "चुकलेला माणूस असंच म्हणणार. राहू दे."

"तो म्हणतोय असं झालेलंच नाही. कालोलाइने आजीला विचारून तरी येते."

"उद्या विचार. आज ऑर्डरी येतायत."

"आत्या, आजच काढू या ना."

"मी सांगते ना, उद्या."

आपल्याकडे आत्याचा शब्द म्हणजे काय, हे इथे कुणाला सांगायला नको. भावाच्या पोरांनी आत्यापुढे मान वर करायची नसते. तिने मान खाली घातली आणि फोन उशीखाली ठेवला. त्या एका दिवसात ब्रिस्बेनच्या चर्चमध्ये लोक सेमिसीशेजारच्या बाकावरून उठून गेले. आणि इथे, दुकानात मीठ घ्यायला गेलेल्या कालोलाइनेला एका बाईने मिठी मारली आणि म्हणाली, "बिचारी गं तू."

कालोलाइनेकडे फोन नाही. ती मीठ तिथेच ठेवून सरळ विणकामाच्या घरी आली. ती म्हणाली, "मला दाखवा."

तिने तो व्हिडिओ तीनदा पाहिला. मग मेलेनाइतेला विचारलं, "हे तुला कुणी सांगितलं?"

मेलेनाइतेने माझ्याकडे पाहिलं नाही. ती म्हणाली, "मी वाचलं, आजी. माझी चूक."

आणि मी? मी बसून राहिले. पट्टी सरळ करत बसले.

कालोलाइने म्हणाली, "तो आला नाही, असं नाही. तो येणार होता. सुनेला, लोसाला, आणि तिच्या पहिल्या नवऱ्याच्या दोन मुलींना घेऊन येणार होता. विमानाची तिकिटं काढली होती. मीच म्हटलं, दुसऱ्याची पोरं घेऊन या अंगणात आलास तर मी दार लावून घेईन. त्याने ही गोष्ट कुणाला सांगितली नाही. दोन वर्षं सगळ्यांच्या शिव्या खाल्ल्या, पण आईचं नाव घेतलं नाही. आणि मी तुमची कीव घेत बसले. गोड लागली मला ती."

मेलेनाइतेने आमच्यासमोर व्हिडिओ पुसला. त्या वेळी तिने मला विचारलं नाही. मग कालोलाइने म्हणाली, "पुसून काय उपयोग? ज्यांनी ते ऐकलं त्यांनी हेही ऐकलं पाहिजे. तो फोन माझ्याकडे कर."

ज्या बाईने आयुष्यात कधी फोटोसाठी मान वर केली नव्हती, ती त्या दिवशी कमरेला चटई बांधून लाइव्हवर बसली आणि चार वाक्यांत म्हणाली, "दार मी लावलं. माझा मुलगा चांगला आहे. सुनेला मी पाहिलेलंही नाही. चटई विकायची नाही."

पाद्रीसाहेब, आपण नंतर प्रवचनात म्हणालात की खरं बोललं की लोकांची मनं जिंकता येतात. आपल्याविषयी पूर्ण आदर ठेवून सांगते, तसं झालं नाही. निम्म्या ऑर्डरी रद्द झाल्या. "फसवलं आम्हाला," असं कितीतरी जणांनी लिहिलं. अमेरिकेतल्या बाईंनी मेलेनाइतेला फोनवरून झाप झाप झापलं आणि दुसरी चटई कमी दरात पदरात पाडून घेतली. छप्पर अजून अर्धंच आहे, ते आपण येताना पाहिलंत. आणि गावात काय झालं? "ती फोनवाली पोरगी. म्हाताऱ्या बाईची अब्रू टांगली तिने." नळावर, चर्चच्या पायरीवर, खुद्द माझ्या अंगणात हे बोललं गेलं. मेलेनाइतेने ऐकून घेतलं, आणि ती ऐकून घेते आहे हे मी पाहत राहिले. आठ महिने!

चटई कालोलाइनेने लोसाला पाठवली. मेलेनाइतेने बांधून बोटीवर घातली. सात आठवडे काही उत्तर नाही. कालोलाइने रोज विणकामाच्या घराच्या दारापर्यंत यायची, विचारायची नाही, नुसती उभी राहून परत जायची. तिला बघून माझं विणीचं घर चुकायचं.

आठव्या आठवड्यात निरोप आला. फोटो होता. ओसरीवर लोसा, मांडीवर चटई, दोन्ही बाजूंना मुली. खाली एवढंच लिहिलेलं: "आई, कडेची एक पट्टी सुटली आहे. कशी बसवायची?"

कालोलाइने केवढ्यांदा ओरडली! "माझी पट्टी? माझी पट्टी सुटत नाही! त्या पोरींनी ओढली असणार! लाव फोन!"

मेलेनाइतेने फोन लावून तिच्यापुढे धरला. पलीकडे लोसा, चटईत नाक खुपसून बसलेली. आणि ही इकडून, "डावीकडून नाही गं, उजवीकडून. खालून घे. अगं खालून! धाकटीची बोटं बारीक आहेत, तिला घालू दे." तासभर चाललं ते. सुनेचं नाव तिने एकदाही घेतलं नाही, आणि मुलींची नावं मात्र दोनदा विचारून घेतली.

मी मेलेनाइतेच्या कानाशी गेले. खरं सांगते, माझ्या अंगात ते पुन्हा शिरलं होतं. मी म्हटलं, "अगं, लाइव्ह कर! हे बघितलं तर गेलेलं सगळं गिऱ्हाईक परत येईल. वरून दुप्पट येईल!"

तिने मान वर करून माझ्याकडे पाहिलं. म्हणाली, "नाही, आत्या."

एवढंच. सत्तावीस वर्षांत या मुलीने मला पहिल्यांदा नाही म्हटलं. मी रागावले. संध्याकाळपर्यंत तिच्याशी बोलले नाही. त्या फोटोबद्दल पेजवर आजही एक शब्द नाही. इथे त्याबद्दल सांगायची परवानगी मी काल कालोलाइनेच्या घरी जाऊन घेतली. ती दारातूनच म्हणाली, "सांग. पण सगळं सांग."

तर मंडळी, ऑकलंडच्या एका दुकानाने आपलं पेज पाहून मेलेनाइतेला नोकरीवर बोलावलं आहे. मोठ्या शहरातलं गिऱ्हाईक कसं ओढायचं, ते ती तिथे शिकेल. कुणाला ओढायचं नाही, हे ती इथून शिकून चालली आहे, आणि ते तिला मी शिकवलेलं नाही. सोमवारपासून तो फोन मंडळाने माझ्या हातात द्यायचं ठरवलं आहे. तुम्ही टाळ्या वाजवल्यात, मी मानही डोलावली. पण मला माझीच भीती वाटते आहे. म्हणून मंडळाच्या भगिनींना सगळ्यांसमोर विनंती करते: चिठ्ठी लागायच्या आधी जिची चटई तिने ती वाचावी. जिला नको असेल तिने फाडावी.

पाद्रीसाहेबांचे, फेलेतीदादांचे, पहाटेपासून भट्टीशी राबणाऱ्या बायकांचे, लांबून आलेल्या पाहुण्यांचे मंडळातर्फे मी मनापासून आभार मानते. मेलेनाइते, तुझे आभार कसे मानायचे ते मला येत नाही. तुझ्या नावावरचा आठ महिन्यांचा बोल मात्र मी आज इथे, सगळ्यांच्या देखत, काढून घेते. तो माझा आहे.

बोलण्यात काही चुकलं असल्यास क्षमा असावी, असं म्हणून खाली बसायची आपली रीत. मला आज ते 'असल्यास' म्हणता येत नाही. कालोलाइने, तू तिसऱ्या खिडकीपाशी बसली आहेस, मला दिसतेस. चिठ्ठी माझ्या अक्षरातली होती. मी तुला न विचारता तुझं दुःख लिहिलं, आणि ते तुझं नव्हतंच. मला क्षमा कर. करावीशी वाटत नसेल तर तसं इथेच सांग. मी अजून उभी आहे.