पाट्याखालचे चार चेंडू

हॅलो?… हॅलो, नूतन? अवं, तुलेच लावून राह्यली होती मी कवाची… कुठी पोचली?… अजून कुरखेड्यातच? बरं झालं. त्या जीपवाल्याले सांग, नको येऊ म्हणा… अवं, बाबा तुह्यासंगं येऊन नाई राह्यले!

नाई, नाई… भांडण नाई झालं. तब्येत मस्त हाये. ताई जिंकली तुही!

हो… हो, माहीत हाये, तू त्यायच्यासाठी खोली मोकळी केली. अवं ऐक ना… काल मी रडली ते खरंच होतं. बाबानं बॅग भरली होती ना. म्हणे, "रंजीता, तुह्या घरी मले काई कमी नाई, पण इथी रुखमा ऐकू येत नाई." आई गेली, अन् तिचा आवाज राह्यला तो त्या एका रेकॉर्डवर… हां, तेच, बाबाच्या गाण्याच्या पार्टीचं भीमजयंतीचं गाणं. त्यात आई एकटी गाते त्या दोनच ओळी. अन् आमच्या ऊर्जानगरात कोळशाची मालगाडी गेली का बिल्डिंग हालते, सुई टुणकन उडते, आई गायब!

काय?… मोबाईलमधी? दिलं ना भरून! बाबानं ऐकलं अन् परत केला. "हे नकल हाये," म्हणते. आता बोल!

अवं, ते महागाचे पाय कुठचे घेते? दाखवले होते तुह्या भाऊजीनं, प्लेअरच्या खाली लावाचे, हादरा खाणारे. किंमत पाह्यली अन् फोनच उलटा ठेवला मी… मंग म्या गोधडी टाकली, चार पदरी. प्लेअर असा डोले, असा डोले, सुई त आपोआपच घसरे.

हां… सांगून राह्यली ना, दम त धर! आज सकाळी अंबाडीची चटणी वाटून राह्यली होती. त खालची सायमा आवाज देते, "भाभी, आजकाल चटणी नही बनाते क्या?" तिनं मागं कटकट केली होती ना, छत वाजते म्हणून? तवापासून पाट्याखाली मी टायरचा तुकडा टाकते. मी वरवंटा तसाच धरून बसली. म्हटलं, माहा हादरा खाली जात नाई, त मालगाडीचा वर काऊन येईल?

हो, पाटाच! धुतला, पुसला, प्लेअरच्या खाली. अन् पाट्याच्या खाली माह्या पोरीचे, साक्षीचे चार चेंडू… रबरी. पहिले क्रिकेटचे टणक लावले, काईच फायदा नाई. मंग ते पोकळ, नरम. दबले थोडे, पण धरलं त्यायनं… घरंगळतीन कसे? डब्याच्या झाकणात बसवले एकेक!

चटणी? मिक्सरमधी करीन. बेचव झाली त झाली.

दोन मालगाड्या गेल्या नूतन, सुई हालली नाई! पण तुहे बाबा मानते का? "दुपारी खाणीत ब्लास्टिंग होऊ दे, मंग पाहू." बॅग दाराशीच… थांब, थांब… भोंगा झाला! ऐकला? आता होते ब्लास्टिंग… बाबा, लावा! आईच्या जागीच ठेवा सुई! नूतन, फोन ठेवू नको, मी तिकडंच धरते…

हं… बाबाचा आवाज हाये हा… आता मागचे सारे म्हणतीन… आता…

अवं माय! खिडक्या वाजल्या! मांडणीवरचं ताट पडलं!… अन् सुई? सुई जागच्या जागी! ऐकून राह्यली ना? आई हाये! पूर्ण ओळ, नूतन, पूर्ण!… दुसरीही! घेतली का नाई तान!… बाबा, आता कुठी जाता? सांगा ना, कुठी जाता?

रडू नको वो… मी? मी कायले रडू, जिंकली मी!… बाबानं पुन्हा लावलं. थांब, देते त्यायले… बाबा, घ्या, नूतन हाये. बोला ना दोन शब्द… काय?… बरं.

नूतन… नाई घेत ते फोन. म्हणते, ठेव तो, तुही माय गाऊन राह्यली.