साक्ष मागं घ्यायची हाय

(मंठा. शनिवारची दुपार. ख्रिस्ती देवळाशेजारी पाळकाच्या (पास्टरच्या) घराची ओसरी.)

द्वारकाबाई : चहा नका टाकू, पास्टरसाहेब. मी भांडायला आले, आन् चहा पिला की माझ्यानं भांडण होत न्हाई.

पास्टर : भांडा मावशी, पण बसून. वंदनाताईंना बाहेर का ठेवलं?

द्वारकाबाई : चपलांपाशी बसली, बसू द्या. पोटची लेक हाय, तिच्यासमोर तोंड उचलत न्हाई माझं. उद्या ऐतवार. देवळात साक्षीच्या टायमाला माझं नाव घ्या. मला माझी साक्ष मागं घ्यायची हाय.

पास्टर : कोणती?

द्वारकाबाई : जन्मात एकच तर दिली. लेक बरी झाली, मनाच्या आजाराच्या गोळ्या उकिरड्यावर फेकल्या, प्रभूची स्तुती असो. सगळ्या मंडळीनं टाळ्या वाजवल्या. तुम्ही तर डोळे पुसले.

पास्टर : मावशी, साक्ष मागे घेतलेली मी कुठंच पाहिली नाही. लोकांचा विश्वास डळमळेल.

द्वारकाबाई : लोकांचा? आपल्या मंडळीतल्या तातेरावच्या बायकोनं माझं ऐकून फेफऱ्याच्या गोळ्या बंद केल्या. परवा चुलीपाशी पडली, कोपरापस्तोर हात भाजला. आता विश्वास कुठं लावायचा, भाजल्यावर?

पास्टर : मला कुणी सांगितलं नाही.

द्वारकाबाई : तुम्हाला चांगलंच सांगतेत लोक.

पास्टर : पण वंदनाताई तर सावरल्या होत्या. तीन दिवस उपास-प्रार्थना केली आपण. त्या हसल्या होत्या.

द्वारकाबाई : हसल्ती. महिनाभर बरी व्हती. आता केस विंचरत न्हाई, ताटावरून उठून जाती. सोमवारी आडाच्या कठड्यावर बसल्ती. हाक मारली तर म्हणती, पाणी बघून राह्यले. घरात नळ हाय, साहेब.

पास्टर : मग आजच जालन्याच्या दवाखान्यात न्या! गोळ्या बंद करा असं मी कधीच म्हणालो नव्हतो.

द्वारकाबाई : बराबर. मी म्हणलं. तुम्ही आमेन म्हणलं.

पास्टर : मी शास्त्राबाहेरचं काही सांगितलं नाही. स्तोत्रं वाचली, प्रार्थना केली.

द्वारकाबाई : स्तोत्राला मी बोल लावत न्हाई. मला वाचता येत न्हाई, पण तुम्ही वाचलं की तिला झोप लागायची, हे बघितलंय मी. पण तुम्ही तिला इचारलं, मनात लपवलेलं पाप हाय का. आठवतं?

पास्टर : ते मी सगळ्यांनाच विचारतो.

द्वारकाबाई : सगळ्यांचं लेकरू पोटात मरत न्हाई. ती बसून पापं हुडकायला लागली. शाळेत असताना वर्गातल्या आकांक्षाची पेन्सिल उचलल्ती, ते बी काढलं. पेन्सिलीपायी देव लेकरू नेतो का, साहेब?

पास्टर : ...नाही.

द्वारकाबाई : हे तिला तवाच सांगायला पाहिजे व्हतं. जालन्याच्या दवाखान्यातली ती समुपदेशनवाली पोरगी, तिला मी लई बोलले. तासभर एकच, कसं वाटतं, कसं वाटतं. मी म्हणलं, ही इलाज करती का ख्यालीखुशाली इचारायला आलीय? पण तिनं लेकराचं नाव इचारलं. आपल्यात कुणी इचारलं न्हाई. मी बी न्हाई.

पास्टर : नाव ठेवलं होतं?

द्वारकाबाई : ठेवल्तं, मनातल्या मनात. त्या परक्या पोरीला सांगितलं, मला न्हाई.

पास्टर : मावशी, तुम्ही गोळी सुरू करा. साक्षीचं माझ्यावर सोडा. औषध घेणं म्हणजे अविश्वास नव्हे, असं मी प्रवचनात सांगतो.

द्वारकाबाई : तुमच्या प्रवचनात निम्मी मंडळी पेंगती. आन् गोळी ती घेईना. पाया पडले मी तिच्या. म्हणती, मी घेतली तर तू मंडळीत खोटी पडशील, आई. ती माझी इज्जत राखून राह्यली, साहेब. जीव देईल, पण मला खोटं पडू देणार न्हाई.

पास्टर : ...वंदनाताई, आत या. इथं, आईजवळ बसा. उद्या आई मंडळीपुढं चूक कबूल करणार आहेत. मीही करणार. तुम्हाला पापाचं विचारलं, ती माझी चूक होती.

वंदना : आईला नका उभं करू. लोक हसतेल.

द्वारकाबाई : हसू दे. मी काय कमी हसले का लोकांना?

वंदना : तुला कुणापुढं वाकायची सवय न्हाई, आई.

द्वारकाबाई : वाकते का न्हाई, बघच तू. तू एवढंच सांग, गोळी घेशील?

वंदना : ...तू मंडळीपुढं सांगितल्यावर.

द्वारकाबाई : मंग उद्याची वाट कशाला? पास्टरसाहेब, देवळाची घंटा वाजवा.

पास्टर : आत्ता? मावशी, अशी अवेळी घंटा कुणी गेलं तरच वाजते. लोक घाबरून पळत येतील.

द्वारकाबाई : येऊ द्या. एक डाव कुणी जायच्या आधी येऊ द्या.