पहिल्या खड्ड्यातलं गवत

बहीण : आधी ती पेंढी खाली ठेव. गव्हाणीत टाकू नकोस.

भाऊ : गोठ्यात पाय ठेवला नाहीस तोच हुकूम सुरू. बस तरी. खाट पुसून देतो.

बहीण : मी बसायला आले नाही. हे गवत तळ्यातलंच ना?

भाऊ : तुझ्याच तळ्यातलं. तुझ्या हातचं काहीतरी पहिल्यांदा या गोठ्याच्या कामी आलं. म्हटलं, कौतुक करशील.

बहीण : सकाळी फोनवर काय सांगितलं होतं मी?

भाऊ : गवत घालू नकोस म्हणालीस. मग काय घालू, ते विचारेपर्यंत तुझी मीटिंग सुरू झाली.

बहीण : कुठल्या खड्ड्यातलं कापतोस?

भाऊ : पहिल्या. शहराचा नाला येऊन पडतो तिथल्या. पुढच्या दोन खड्ड्यांतलं अगदीच मरतुकडं आहे. पहिल्यातलं बघ कसं तरारलंय, माझ्या डोक्याच्या वर जातं.

बहीण : अरे, तो खड्डा घाण बसण्यासाठीच खणलाय. पाऊस पडला की सगळ्या रस्त्यांवरचं पाणी तिथे येतं. गाड्यांचं तेल, टायरांची भुकटी, जुन्या बॅटऱ्या फोडतात त्या गल्लीतलं काय काय. पाणी तिथे थांबतं, गाळ खाली बसतो, उरलेलं गवताची मुळं ओढून घेतात. तेव्हा कुठे पुढे नितळ पाणी जातं.

भाऊ : पाठ आहे मला. सभेत तूच सांगितलंस, पडद्यावर चित्रं दाखवून. टाळ्या पडल्या. घाण शेवटी जाते कुठे, असं एकानेही विचारलं नाही. मलाही सुचलं नाही. वाटलं, गवत खातं म्हणजे पचवत असेल.

बहीण : काही पचतं, काही कुजून जातं. शिसं पचत नाही. ते गवतात राहतं, देठाला चिकटलेल्या गाळात राहतं. काल तपासणीचा निकाल आला. ऑफिसला हे गवत चारा म्हणून विकायचं होतं, म्हणून मी तपासायला पाठवलं होतं.

भाऊ : विकायचं होतं म्हणून तपासलं. फुकट नेणाऱ्याचं कोण तपासतंय.

बहीण : तू नेतोस हे मला आज सकाळपर्यंत माहीतच नव्हतं.

भाऊ : तुझ्या रखवालदाराला माहीत होतं. गवत कापणाऱ्या ठेकेदाराला तर बरंच झालं, गाडी भरून लांब टाकायचा त्याचा ताप वाचला. आणि मी न्यायचं नाही तर गाई चारायच्या कुठे? तळं होण्याआधी तिथे काय होतं, आठवतं का?

बहीण : सखल रान होतं. पावसाळ्यात नुसता चिखल.

भाऊ : आणि बाकीचं वर्षभर कुरण. बाबांच्या वेळेपासून आपली जनावरं तिथे. सभेत कुणीतरी विचारलं, चरणाऱ्या गुरांचं काय? तू उठून म्हणालीस, माझा सख्खा भाऊच तिथे गाई चारतो, त्याची काही तक्रार नाही. मी शेवटच्या रांगेत बसलो होतो, ताई. माझी तक्रार नाही हे मला तुझ्या तोंडून कळलं.

बहीण : मग तेव्हाच बोलायचं होतंस.

भाऊ : भर सभेत सख्ख्या बहिणीला खोटं पाडू?

बहीण : खालच्या वस्तीतल्या विहिरींवर तेलाचा तवंग यायचा. लहान मुलं आजारी पडायची. आता ते पाणी स्वच्छ आहे. त्यात खोटं काही नव्हतं.

भाऊ : नव्हतं ना. त्यांचं भलंच झालं. फक्त त्यांच्या वाटचं माझ्या गाईंच्या पोटात गेलं.

बहीण : चांदी दिसत नाही. बाहेर बांधलीस का?

भाऊ : गेली.

बहीण : विकलीस?

भाऊ : गेली म्हणतोय. मागच्या महिन्यात. आधी दात खायला लागली, रात्रंदिवस करकर. मग भरदिवसा भिंतीवर जाऊन आदळायची. डॉक्टर म्हणाला, डोळे गेलेत, वय झालं. कसलं वय, दुसरं वेत होतं तिचं.

बहीण : मला कळवलंही नाहीस.

भाऊ : त्याच आठवड्यात तुझ्या तळ्याला बक्षीस मिळालं. पेपरात फोटो बघितला. आई सगळ्यांना दाखवत होती, त्यात गाय मेली म्हणून कशाला सांगू?

बहीण : तुझ्या छकुलीला सकाळी दूध दिलंस का?

भाऊ : तुझा फोन आला तसा तिच्या हातातला पेला काढून घेतला. खूप रडली. आईलाही दिलं नाही.

बहीण : बरं केलंस. मग दूध ओतून टाकलंस ना?

भाऊ : पाणी देऊ का तुला? उन्हातून आलीस.

बहीण : दुधाचं काय केलंस?

भाऊ : रतीब घातला.

बहीण : घरात कुणाला दिलं नाहीस, आणि दारोदार रतीब घालून आलास?

भाऊ : लोक भांडं घेऊन दारात उभे असतात. त्यांना काय सांगू? तू सकाळपासून कुणाकुणाला सांगितलंस ते बोल.

बहीण : साहेबांना सांगितलं. ते म्हणाले, पुन्हा तपासणी होईपर्यंत बोभाटा नको.

भाऊ : म्हणजे तुमचा बोभाटा व्हायला नको आणि माझा रतीब मात्र बंद.

बहीण : म्हणून तर साहेबांना न विचारता आलेय. उद्या मी जनावरांचे मोठे डॉक्टर घेऊन येते. रक्त तपासू, औषधोपचार करू. तोवर गवत बंद, दूध बंद. रतिबाच्या घरी मी स्वतः जाते तुझ्याबरोबर. नोकरी गेली तर गेली.

भाऊ : उद्या गाई इथे नसतील. गिऱ्हाईक येतंय आत्ता. दोघींना घेऊन जाणार आहे.

बहीण : त्याला सांगणार आहेस?

भाऊ : तुझंच बघून शिकलो. वरची घाण उतारावरच्या माणसाच्या दाराशी न्यायची. मी आणखी थोडी पुढे ढकलतोय, इतकंच.

बहीण : मी घाण अडवली. कुणाच्या दाराशी ढकलली नाही.

भाऊ : ज्याच्या दाराशी अडवलीस त्याला विचार.

बहीण : असं नको बोलूस रे.

भाऊ : हात जोडतो, ताई. तो आला की तू आत आईजवळ जाऊन बस. खोटं बोल असं मी म्हणत नाही. नुसती गप्प राहा. सभेत माझ्या वतीने बोललीस, आता एकदा माझ्या वतीने गप्प बस. गाई विकल्या गेल्या तर दुसरीकडे कुठेतरी दोन जनावरं बांधीन. इथेच उभ्या उभ्या मेल्या तर मी संपलो. मला दुसरं काही येत नाही.

(बाहेर टेम्पो थांबतो. गिऱ्हाईक आत येतं.)

गिऱ्हाईक : नमस्कार. उशीर झाला बघा, टेम्पोवाल्याने नको तिथे वळवलं. ह्याच का दोघी? छान आहेत हो. नजर लागेल अशा.

भाऊ : घरच्या पोरींसारख्या वाढवल्यात.

गिऱ्हाईक : मला तसंच जनावर हवं होतं. धंदा नाही करायचा मला. सुनेला जुळं झालंय, दोघं आता वरच्या दुधावर आहेत. बाहेरच्या दुधाचा भरवसा कोण देणार? म्हटलं, आपल्या डोळ्यांसमोर पिळलेलं बरं. ती डावीकडची मघापासून दात का खातेय?

भाऊ : रवंथ करतेय.

गिऱ्हाईक : असेल, असेल. मला त्यातलं फारसं कळत नाही. बाई, तुम्हीच सांगा, दूध चांगलं आहे ना? घरातल्या बायका खरं सांगतात.

भाऊ : आईने हाक मारली वाटतं. आत बघून ये.

बहीण : कुणी हाक मारली नाही. ह्या गाई नेऊ नका. त्यांच्या पोटात शिसं गेलंय, चाऱ्यातून. लहान मुलांना या दुधाचा थेंबही देऊ नका.

गिऱ्हाईक : काय सांगता काय? आणि हे तुम्हाला कसं माहीत? अहो मालक, ह्या तुमच्या कोण?

भाऊ : कोणी नाही. ऑफिसच्या बाई आहेत. तळ्याचं काम बघतात.

गिऱ्हाईक : बरं झालं बाई, तुम्ही वेळेवर इथे होतात. आणि तुम्हाला काय म्हणू मालक? घरच्या पोरींसारख्या म्हणालात. जाऊ दे. टेम्पो वळवायला सांगतो.

बहीण : ऐक ना. मी तुझ्याबरोबर आहे. सगळं आपण दोघं मिळून निस्तरू. गेला बघ तो, आता तरी माझ्याकडे बघ. बरं, आईला भेटून येते आधी.

भाऊ : आई झोपलीय. जाताना तेवढी पेंढी घेऊन जा, बाई. तुमच्या तळ्यातली आहे.