धिस हाउस

— व्हय की, त्योच. वरच्या खोलीतला नागसेन. पर सायेब, तुमी आदी आत या, पोलिसानं दारात हुबं ऱ्हाऊन असलं इचारू नगासा, साध्या कपड्यात असलासा म्हणून काय झालं, सगळी गल्ली कान लावून बसलीया. बसा. माझ्या लेकानं, अनेकांतनंच पाटवलं न्हवं तुमास्नी, पुण्यास्नं? न्हाई? आसू दे, कुणीबी पाटवू दे, आलासा ते बरं झालं. मीच चौकीत येणार हुते, पर बाईमाणसानं एकटीनं चौकीची पायरी चढायची म्हंजे — आणि आमच्या कसबा बावड्यात बोलाय कारणच लागतंय लोकास्नी.

पोरगं नेसरीकडचं. विद्यापीठात राज्यशास्त्र शिकतंय. वागायला वाईट न्हाई — तसं मी म्हणणार न्हाई — जिना झाडतंय, मान खाली घालून जातंय, मला काकू म्हणतंय, आणि तितंच तर मला संशय! एवढं सरळ कोण असतंय आजकाल? इंग्रजी येतंय की तेला, चांगलं येतंय, तरी अजून पुढलं इंग्रजी शिकाय जातंय. मी म्हटलं, बाबा, एक इंग्रजी पुरंना व्हय तुला? तर म्हणतंय, काकू, ह्ये राजकारणातलं इंग्रजी हाय, आमास्नी ह्येच लागतंय. आता बघा! कारखान्याची इलेक्शन आमच्या डोळ्याफुडं झाली, शिव्यासकट सगळी मराठीत झाली. मग ह्येला इंग्रजीत राजकारण करायचं हाय ते कुणासंगं? माझ्यासंगं?

तेच सांगते, ऐका की. रोज सकाळी आरशाफुडं हुबं ऱ्हातंय आणि हात वर करून वरडतंय. मी जिन्यात बसून ऐकते — ऐकते म्हंजे, तांदूळ निवडत असते, कानावर पडतंय. मला इंग्रजी येत न्हाई, पर चार शब्द कुणाला कळत न्हाईत? 'धिस हाउस' म्हणतंय. एकदा न्हाई, सारखं! धिस म्हंजे ह्ये. हाउस म्हंजे घर. ह्ये घर! कुणाचं? माझं, आमच्या मालकांनी हयातभर नोकरी करून बांधलेलं! आणि फुडं काय — 'धिस हाउस रिजेक्ट्स धिस बिल.' बिल कळलं मला, लाइटबिल. रिजेक्टचं शेजारच्या आकारामला इचारलं, त्यो शिरोलीला फौंड्रीत हाय, तेच्या तोंडात रोज त्योच शब्द. माल रिजेक्ट झाला म्हंजे कंपनीनं परत तोंडावर फेकला. म्हंजे घर माझं, आणि बिल ह्यो माझ्या तोंडावर फेकणार! अनेकांत फोनवर म्हणतोयच, आई, भाडेकरू ठेवलास, आता घर गेलं समज. घराची लई काळजी तेला. सोताला यायला सवड न्हाई, दोन दिवाळ्या झाल्या, पर काळजी लई.

आणि परत एक दिवस 'मोशन, मोशन' कराय लागलं. 'आय मूव्ह द मोशन.' आता तेवढं तर दवाखान्यात बसून बसून मला ठावं हाय, जुलाब! पोटाला कोण बघणार तेच्या, आई तिकडं नेसरीला दुसऱ्याच्या रानात राबती — म्हणून मी ताकभात कालवला, वरनं जिरं टाकलं आणि नेऊन दिला. गपगुमान खाल्ला की! पोटाला कायसुदीक झालं नव्हतं, तरी खाल्ला. हाय का न्हाई कावेबाज? तवापास्नं रोजच नेते मी. पयलं तेचा तांब्या येगळा ठेवलावता — आमी जैन माणसं, आणि तेचं आडनाव — आता न्हाई हो! आता आतल्याच भांड्यातनं देते. ह्ये लिवू नगासा.

हसतासा काय सायेब? … सभा? हाउस म्हंजे विधानसभा? तुमी बंदोबस्ताला हुतासा व्हय तितं. … आणि बिल म्हंजे कायदा. आणि मोशन? ठराव! अगं बाई. म्हंजे ठरावावर मी ताकभात — आणि पोरगं एका शब्दानं बोललं न्हाई. मला लाज वाटू नये म्हणून बोललं न्हाई.

मग तुमी कशाला आलासा? … पासपोर्ट? कुणाचा? … इंग्लंडला. शिकाय. मला कुठं बोललं? रोज ताट घासून पालथं घालतंय, सणाला कडाकण्या लाटू लागतंय, आणि ह्ये बोललं न्हाई. गेलं की येत न्हाईत, सायेब. माझा पुण्याला गेला त्यो आला न्हाई, आणि ह्यो तर समुद्रापलीकडं.

तुमी वागणुकीचंच इचाराय आलासा न्हवं? म्हंजे मी वंगाळ सांगिटलं तर ऱ्हातंय जायाचं? खरंच ऱ्हातंय? … मग लिवा. मगाशी सांगिटलं तेच लिवा. घर बळकावणार हाय म्हणावं. बिल देत न्हाई म्हणावं. खोटं कसं? हाउस म्हंजे घरच! लहान पोराला इचारा! … असं बघू नगासा माझ्याकडं. लिवा म्हणते न्हवं?

गप. गेट वाजलं. ते कागद खिशात घाला, आदी घाला.

— आलास व्हय रं नागसेन? काय न्हाई, काय न्हाई, ह्ये पावणं पत्ता चुकून आल्यात. जावा तुमी, पावणं. असलं कोण ऱ्हात न्हाई हितं.