एका कापडाचे दोन कोट

हलू नका, जावईबापू — टाचणी बगलेजवळ आहे, हललात की टोचेल, मग म्हणाल मास्तरांनी रक्त काढलं. हात खाली. असे. श्वास सोडा — तर मी काय सांगत होतो? हां, नावं. गिऱ्हाइकांची नावं माझ्या डोक्यात राहत नाहीत, कधीच राहिली नाहीत. राहतं ते अंगातलं एखादं वाकडं. एक आहेत, ते माझ्यासाठी 'डावा खांदा'. एक वकीलसाहेब, ते 'पोट'. तुमच्या होणाऱ्या सासऱ्यांना एका कानानं ऐकू येत नाही, मान सारखी कललेली, कॉलर एका बाजूनं चढवून लावावी लागते — म्हणून ते 'कान'. एवढा मोठा कारखाना त्यांचा, आणि माझ्याकडे नुसते कान! तोंडावर म्हणतो, हसतात बिचारे. — पडदा? पंख्यानं हलतो तो. समोर बघा.

तुम्हाला मात्र नाव सापडेना. खांदे सरळ, पाठ सरळ, शिंप्यानं हात टेकावेत असं अंग. मग तुम्ही दिलेलं कापड उलगडलं. दुकानात कापलेल्या कापडाची कड सरळ असते, हो की नाही? तुमची कड म्हणजे नुसत्या लाटा. घरातली कात्री, जेवायचं टेबल, एकानं कापड ताणून धरलंय, दुसरा कापतोय — आणि मध्येच कशाला तरी दोघं हसलेत, कारण तिथं कात्री चांगली बोटभर घसरलीय. मला कसं कळलं? अहो, त्या घसरलेल्या कापाची दुसरी कड माझ्याकडे आधीच आली होती ना! गावातल्या औषधवाल्याच्या कापडाची. दोन्ही कडा या टेबलावर शेजारी ठेवल्या — अश्शा बसल्या एकमेकींत. दोघांनी दोन शिंपी तरी गाठायचे होते. पण चांगला कोट म्हटलं की सगळे माझ्याकडेच येतात, त्याला तुम्ही तरी काय करणार.

हलू नका म्हटलं ना.

तो बघा, खुंटीवर त्याचाच आहे. न्यायला आलेलाच नाही. दुकानाचं शटर खाली आहे त्याचं, लोकांनी काच फोडली त्या दिवसापासून. मी त्याला इथंच, तुम्ही उभे आहात तिथंच उभं करून समजावलं होतं — म्हटलं, अरे बाबा, तुझा जीव पुरुषावर जडतो हे काय दुकानावर लावायची पाटी आहे? तू औषधवाला आहेस, म्हाताऱ्यांना घरपोच गोळ्या देतोस, बासरी बरी वाजवतोस, उधळा आहेस — एवढं सगळं असताना हे एकच का पुढं करायचं? तर म्हणाला, 'मास्तर, बाकीचं सगळं सांगता येतं म्हणून ते लहान आहे. हे सांगता येत नाही, म्हणून तेच मोठं झालंय. एकदा सांगून टाकलं की तेही लहान होईल.' शहाणा! सांगून टाकलं गावभर. झालं का लहान? आता कोणी औषधवाला म्हणत नाही, 'तो' म्हणतात, आणि हसतात. पण एक आहे — कोणाबरोबर, ते नाही सांगितलं त्यानं. काच फुटली तरी नाही. ते सांगितलं ते त्या कात्रीनं.

तुम्ही त्याच्या उलट. तुमचं म्हणणं असणार — ही एक गोष्ट म्हणजे मी नव्हे. पटतं मला. मीही हेच म्हणत आलो. माणूस म्हणजे त्याचं काम, त्याचा शब्द, त्याची माणसं; ते एक आत अस्तराखाली टाकून द्यायचं, वरून कोणाला दिसत नाही. मी दिलं की! कारागीर म्हणून नाव कमावलं, लग्न केलं, घर चालवलं, कोणी बोट दाखवलं नाही. बायको शेवटपर्यंत मला 'मास्तर' म्हणायची, गिऱ्हाइकासारखी. आणि जाताना म्हणाली — बाही दाखवा, ही बाही जरा लांब वाटते — म्हणाली, 'तुमच्याकडे इतकी माणसं मापाला आली, माझं माप काही तुम्ही घेतलं नाहीत.' माझ्यासाठी ती अस्तराखालची एक गोष्ट होती हो, अनेकांतली एक. तिच्या वाट्याला मात्र तेवढीच आली, आयुष्यभर तेवढीच.

जाऊ दे. कशाला बोलतोय मी हे तुम्हाला.

तुमची ती मुलगी आली होती परवा, बापाबरोबर. तुमच्या कोटाचं अस्तर तिनं निवडलं. हात फिरवून, गालाला लावून बघत होती, मऊ आहे का. बाप मान वाकडी करून तिच्याकडे बघत होता. मला झोप नाही लागली त्यानंतर.

म्हणून विचारतो, एकदाच. औषधवाला तुमचा कोण? मित्र म्हणालात, तर मी या टाचण्या काढतो, कोट वेळेवर मिळेल. नुसता मित्र? बघा माझ्याकडे, आरशात नको. त्यानं काच फुटली तरी तुमचं नाव घेतलं नाही — तुम्ही त्याचं घेणार, की नुसतं 'मित्र' म्हणणार?

काय म्हणालात? ओठ हलले नुसते.

जरा मोठ्यानं, जावईबापू. पडद्याआड एकाच कानानं ऐकू येतं.