सोलरच्या फोटोत आईचा चेहरा

सोलरच्या सबसिडीचं परत विचारू नका, डोकं फिरतं माझं! आमच्या कोरीट गावच्या घरावर पॅनल बसवले. मीटर आईच्या नावावर, म्हणून पॅनलशेजारी आईचाच फोटो पाहिजे, असं वीज ऑफिसातल्या साहेबांनी सांगितलं. आईचे गुडघे गेलेले आणि स्लॅबवर जायला नुसती लोखंडी शिडी.

"फोटो पॅनलना काढ ना, मन्हं काय काम शे तठे?" आई ओरडत होती. तरी खुर्चीला दोर बांधून आम्ही तिघांनी तिला वर चढवलं. थोरले काका वर उभे राहून हुकूम सोडत होते.

आठ दिवसांनी निरोप आला, फोटो नामंजूर, चेहरा दिसत नाही. बघतो तर पॅनल चकचकीत आणि आईचा पदर हनुवटीपर्यंत! काका म्हणजे तिचे जेठ, थोरले दीर. ते समोर असताना ती तोंड उघडं ठेवेल होय?

साहेबांना म्हटलं, "आधार कार्ड आहे, बाई तीच आहे."

"चेहरा दिसलाच पाहिजे. नियम आहे."

मग पुन्हा दोर, पुन्हा शिडी. काकांना शेतात पाठवलं. आईने पदर मागे सारला आणि मोबाइलकडे असं पाहिलं, की मी एकच फोटो काढून मोबाइल खिशात टाकला.

तो फोटो बघून साहेब हसले. "आजी एवढ्या रागात का?"

मी म्हटलं, "साहेब, पन्नास वर्षांत जेठांनी जो चेहरा पाहिला नाही, तो तुम्ही बघताय. निदान नजर तरी खाली करा!"