दोन जिने

मुलीचं, तन्वीचं लग्न झालं ते दोन हजार अठरा साल. त्याच दिवाळीनंतर श्रीपादांची बायपास झाली आणि त्यांचा पलंग आतल्या खोलीतून बैठकीत गेला. चार महिन्यांनी दौलतगंजात, दुसऱ्या मजल्यावरच्या दवाखान्यात, त्यांची बायको इंदुताई त्यांच्याशेजारी नंबराची वाट पाहत होत्या. मागच्या बाकावर एक मिशीवाले आणि त्यांची बायको बोलत होती.

“अहो, मागच्या खेपेला डॉक्टरांना ते विचारलंत?”

“विचारलं की. सुनेला पाणी आणायला पाठवलं आणि विचारून टाकलं.”

“मग?”

“म्हणाले, दोन जिने चढून धाप लागली नाही, छातीत दुखलं नाही, तर बायकोजवळ खुशाल झोपा.”

“आणि हे मला महिन्याभरानं सांगताय?”

“आधी प्रॅक्टिस नको?”

“तरीच रोज गच्चीवर पापड उलटायला जात होतात! मला वाटलं, आजारानं माणूस कामाला लागला.”

“आजही लिफ्ट सोडून चढलो, कुमुदिनी. एकदम बढिया!”

“हळू बोला, पुढे माणसं बसलीत.”

पुढची माणसं भिंतीवरचं कॅलेंडर वाचत होती.

डॉक्टरांनी सगळं ठीक सांगितलं. श्रीपाद लिफ्टकडे वळले.

“अहो, जिन्यानं उतरू. आणि परत वर येऊ.”

“वर कशाला?”

“माझा चष्मा राहिला.”

“नाकावर आहे तुझ्या.”

“मग चला तर!”

ते उतरले आणि पुन्हा चढले. धाप लागली ती इंदुताईंना.

पलंग त्याच आठवड्यात, रविवारी, पुन्हा आतल्या खोलीत आला. श्रीपाद दोन हजार चोवीसच्या कार्तिकात वारले.